भूतदया की भूतबाधा?

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकते, हा लेख वाचून आपल्यातल्या काही जणांना राग येणार आहे. येऊ दे. स्मरणिकेत दरवर्षी आजीच्या हातची पुरणपोळी असते, 'अमेरिकेने मला काय दिलं' असतं, कोणाची तरी अलास्काची क्रूझ असते. ते सगळं असावंच. पण यंदा चार पानं एका कडू विषयाला द्या अशी मी संपादकांना गळ घातली, आणि त्यांनी (जरा चाचरत का होईना) ती मान्य केली. विषय आहे ब्रेडची पिशवी.

आपल्या वसंत सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत गेली कित्येक वर्षं एक ओळ ठरलेली असते : 'सकाळी १०.३० – बालगोपाळांसाठी बदकांना खाऊ.' त्यासाठी कार्यकारिणीतर्फे ब्रेडचे पुडे आणले जातात. शिवाय घरोघरचं उरलंसुरलं येतं ते वेगळंच. परवाच्या पोळ्या, मुरमुरे, सादळलेला चिवडा, वाढदिवसाच्या केकचा तुकडा. एका वर्षी तर मसालेभात होता! अर्ध्या तासात हे सगळं अलमेडा क्रीकच्या काठी पाण्यात जातं, फोटो निघतात, ते पुढच्या स्मरणिकेत छापून येतात, आणि मुलं हात झटकून लिंबू-चमच्याच्या शर्यतीकडे पळतात.

हा कार्यक्रम बंद करावा असं मी कार्यकारिणीला दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं, "ताई, मुलांचा आवडता आयटेम आहे. थोड्याशा ब्रेडने काय होतंय?"

प्रश्न उत्तम आहे. थोड्याशा ब्रेडने काय होतं तेच सांगायला बसले आहे.

आधी ही जागा नेमकी काय आहे ते बघू, कारण सहलीला येणाऱ्या निम्म्या मंडळींच्या लेखी ते 'पार्किंगच्या पलीकडचं पाणी' आहे. मुंबई-ठाण्याकडून आलेल्यांचा 'क्रीक' या शब्दानेच गोंधळ होतो. तिकडे क्रीक म्हणजे खाडी, इकडे क्रीक म्हणजे ओढा. अलमेडा क्रीक हा ओढा. पूर्वेच्या डोंगरात उगम पावतो, सुनोलच्या कुरणांतून वाहतो, नाइल्सच्या घळीतून बाहेर पडतो आणि फ्रीमाँट-युनियन सिटीच्या मधून जाऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळतो. सुनोलकडचा भाग अजूनही निव्वळ खेडवळ आहे. चरणारी गुरं, ओकची झाडं, पात्राकाठी पांढुरक्या सालीचे सिकामोर आणि फुफाट्याची पायवाट. तिथला एकॉर्न वुडपेकर नावाचा सुतारपक्षी झाडाच्या खोडाला शेकडो भोकं पाडतो आणि प्रत्येक भोकात ओकचं एकेक फळ ठोकून बसवतो. आपल्याकडची कणगीच जणू उभी करून ठेवली आहे. पिवळ्या चोचीचा मॅगपाय तिथे दिसतो, जो जगाच्या पाठीवर कॅलिफोर्नियाबाहेर कुठेही नाही. आपण इथे वीस-वीस वर्षं राहतो, केनियाची सफारी करून येतो, तिचे चारशे फोटो पाहुण्यांना दाखवतो, आणि घराजवळचा हा पक्षी पाहिलेले आपल्यात किती निघतील? हात वर करा बघू.

खालच्या अंगाला, नाइल्सपासून उपसागरापर्यंत, बारा मैलांची ट्रेल आहे. १९५० च्या दशकातल्या पुरांनंतर लष्कराच्या इंजिनिअरांनी इथे दोन्ही बाजूंना बांध घालून ओढ्याला सरळ कालव्यात बसवलं. पाणी रबरी बंधाऱ्यांनी अडवून जमिनीत मुरवलं जातं आणि पुढे विहिरींतून उपसून फ्रीमाँट, न्यूअर्क, युनियन सिटीच्या नळांना येतं. म्हणजे आपण ज्यात मसालेभात सोडतो, त्याच पाण्याचा काही वाटा आपल्याच स्वयंपाकघरात परत येतो. पूर्वी याच पात्रातून स्टीलहेड आणि सामन मासे समुद्रातून वर चढून अंडी घालायला जात. बंधाऱ्यांनी ती वाट अडवली. ती मोकळी व्हावी म्हणून इथल्या काही चिवट लोकांनी १९९७ पासून पाठपुरावा केला, आणि फ्रीमाँटमधली माशांसाठीची मोठी शिडी २०२२ मध्ये पुरी झाली. पंचवीस वर्षं! एक मासा परत यावा म्हणून! आणि आपण त्याच पात्राकडे उष्टं टाकायची जागा म्हणून बघतो.

आता ब्रेड. ब्रेडने बदकाचं पोट भरतं, पोषण होत नाही. खाऊन उरलेला ब्रेड फुगतो, तळाशी बसतो, कुजतो आणि साचलेल्या पाण्यातला प्राणवायू खातो. उन्हाळ्याच्या अखेरीस दक्षिण उपसागरातल्या खाड्यांमध्ये पक्ष्यांना बोट्युलिझमची लागण होते. कुजक्या, कोमट, प्राणवायू नसलेल्या गाळात त्याचे जंतू फोफावतात. मानच उचलता येत नाही म्हणून बदकं पाण्यात बुडून मरतात. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या इथल्या एका संस्थेचे लोक होडीतून फिरून ती कलेवरं गोळा करतात, कारण एका मेलेल्या बदकावरच्या अळ्या खाऊन पुढची दहा मरतात. ही साथ आपल्या सहलीच्या ब्रेडने येते असं मी म्हणत नाही. पण कुजण्यात आपली भर कशाला? शिवाय गर्दी. जी बदकं एरवी मैलभर पांगून चरली असती, ती वीस फुटांत एकमेकांच्या विष्ठेत उभी राहतात. २०२२ मध्ये बर्ड फ्लूची नवी लाट कॅलिफोर्नियात पोचली, तेव्हापासून ही गर्दी हा नुसता सौंदर्याचा प्रश्न उरलेला नाही.

"अहो पण हिवाळ्यात बिचारी उपाशी असतात!" हे वाक्य मी सहलीत दरवर्षी ऐकते. मंडळी, आपला इथला हिवाळा हाच तर या पक्ष्यांचा दिवाळीचा फराळ! अलास्का-कॅनडाकडचं पाणी गोठतं म्हणून ती हजारो मैल उडून इथे येतात. या उपसागरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक पाणपक्षी उतरतात ते आपल्या सँडविच ब्रेडच्या आशेने नव्हे, इथल्या चिखलातल्या किड्या-शिंपल्यांसाठी. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आपण माणसांनी इथल्या खाजणांचा बहुतेक भाग भराव घालून, मिठागरं करून संपवला. त्यांची उपासमार होत असेल तर ती त्यामुळे. त्यावरही उपाय चालू आहे. २००३ मध्ये पंधरा हजार एकरांहून अधिक मिठागरं सरकारने विकत घेतली आणि त्यांतली बरीच पुन्हा भरती-ओहोटीला मोकळी केली जात आहेत. पक्ष्यांना जेवू घालण्याची खरी हौस असेल त्याने तिथे रोपं लावायला स्वयंसेवक म्हणून जावं.

ब्रेडचं मला सर्वांत जास्त काय खुपतं म्हणाल, तर ब्रेड टाकणाऱ्याला पक्षी दिसतच नाहीत. त्याला गिऱ्हाईक दिसतं. ब्रेडला कोण येतं? हिरव्या डोक्याची मॅलर्ड, कॅनडा गूज, कूट आणि गल. बस, हे चार. दरवर्षी तेच चार, तोच कलकलाट. आणि त्या कलकलाटापासून पन्नास यार्डांवर थापट्या असतो. हो, आपला थापट्या! पुण्याच्या पाषाण तळ्यावर किंवा उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात येतो तोच, अगदी त्याच जातीचा. फावड्यासारखी चोच, चोचीच्या कडेला बारीक चाळणी. दहा-वीस थापटे पाण्यात डोकी घालून एकमेकांमागे गोल गोल फिरतात, त्या भोवऱ्याने तळाचं खाणं वर येतं आणि ते गाळून घेतात. मी त्याला 'थापट्यांचा भोंडला' म्हणते. आपल्या किती मुलांनी हा भोंडला पाहिला आहे? एकानेही नाही, कारण साडेदहा वाजता आपली वरात तिथे पोचली की थापटे उठून जातात.

कूटला आपल्याकडे वारकरी म्हणतात. काळा देह आणि कपाळावर पांढरा टिळा. इथला कूट त्याचाच चुलतभाऊ, पांढऱ्या चोचीचा. बांधावर घिरट्या घालत मध्येच हवेत जागच्या जागी थांबणारा पांढरा पक्षी दिसला तर तो व्हाइट-टेल्ड काइट, आपल्या शेतांवरच्या कापशी घारीचा सख्खा नातलग. संध्याकाळी 'क्वॉक' ओरडत जाणारा रातबगळा तर हुबेहूब आपला. लांब लाल पायांचा शेकाट्या, खंड्या, पाणकावळा, टिबुकली... सगळ्यांची इकडची भावंडं या ओढ्यावर आहेत. मुलांनी मराठी बोलावं म्हणून आपण रविवारची शाळा चालवतो, 'क कमळाचा' गिरवून घेतो. कमळ इथे कुठे दिसतं? खंड्या दिसतो! मारुती चितमपल्लींनी आयुष्य घालवून मराठी पक्षिनामं गोळा केली, पक्षिकोश केला. २०२५ साली ते गेले तेव्हा आपण मंडळातर्फे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. पण त्यांनी जमवलेल्या नावांपैकी किती नावं आपल्या मुलांच्या तोंडी आहेत?

बरं, ब्रेडवर पोसलेले गल पुढे काय करतात ते ऐका. गल म्हणजे आपला कुरव, लोक सीगल म्हणतात तो. कॅलिफोर्निया गल या जातीने दक्षिण उपसागरात १९८० च्या सुमारास पहिल्यांदा घरटी केली, तेव्हा ती डझन-दोन डझन होती. पुढच्या तीस वर्षांत त्यांची संख्या चाळीस हजारांवर गेली. कशाच्या जोरावर? मुख्यतः आपल्या कचरा-डेपोंच्या. फुकटचं खाणं बारमाही मिळालं की असंच होतं. पण गल काही नुसत्या कचऱ्यावर राहत नाही. संशोधकांनी ॲव्होसेट आणि शेकाट्याच्या पिल्लांवर इवले रेडिओ बसवून माग काढला, तेव्हा पिल्लं गट्ट करणाऱ्यांत हे गल अग्रभागी निघाले. याच मिठागरांच्या काठी स्नोई प्लव्हर नावाचा चिमुकला पक्षी, आपल्या चिखल्याचा भाऊबंद, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. १९९३ पासून तो इथे कायद्याने संरक्षित यादीत आहे. एकीकडे त्याच्या अंड्यांवर पहारा द्यायला माणसं नेमायची आणि दुसरीकडे ती अंडी खाणाऱ्यांना पोळी-केक घालायचा, याला काय म्हणायचं?

कचरा-डेपो आणि आपली पिशवी यांत फरक आहे, मान्य. फरक आकाराचा आहे.

आणखी एक उदाहरण देते, कारण कॅम्पिंगला चिवडा नेण्यात आपला हात कोणी धरणार नाही. सांताक्रूझच्या डोंगरातलं बिग बेसिन आपल्यातल्या जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे, २०२० च्या वणव्याने ते होरपळलं. मार्बल्ड मरलेट हा समुद्रावर राहणारा, मासे खाणारा पक्षी अंडी नेमकी कुठे घालतो हे इथल्या पक्षितज्ज्ञांना कित्येक वर्षं कोडं होतं. १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्या एका माणसाला अचानक त्याचं घरटं सापडलं. घरटं कसलं, उंचावरच्या जाड फांदीवर शेवाळात एक खळगा आणि त्यात एक पिल्लू. वर्षाला एकच अंडं. आणि ते अंडं पळवणारा कोण, तर स्टेलर्स जे, कावळ्याच्या कुळातला निळा, देखणा, महाबिलंदर पक्षी. हा जे कॅम्पच्या टेबलांभोवती का गोळा होतो? सांडलेल्या खाण्यासाठी. जिथे टेबलं तिथे जे, जिथे जे तिथे मरलेटचं अंडं गेलंच. म्हणून त्या उद्यानांनी 'एक कणही सांडू नका' अशी मोहीमच काढली. आपण शेवेचे चार दाणे पक्ष्याला टाकतो, तेव्हा त्याची किंमत शंभर-दीडशे फूट उंचीवर कोणीतरी दुसराच मोजत असतो. आपल्याला तो दिसतही नाही.

आता येते मुख्य हरकतीकडे. "आपली संस्कृतीच भूतदयेची आहे. आपण काकबळी ठेवतो, गोग्रास काढतो." जरूर! पण काकबळी म्हणजे आपल्या ताटातलं, ताजं, सोवळ्यातलं, आपण खायच्या आधी बाजूला काढलेलं. तो ठेवून आपण मागे सरतो. कावळ्याला वाटलं तर शिवतो, नाही वाटलं तर नाही. त्याच्यामागे कोणी मोबाइल घेऊन धावत नाही. आपली पिशवी याच्या बरोबर उलटी असते. आपल्याला नको झालेलं, शिळं, फेकायचंच असलेलं, फेकताना वाईट वाटतं म्हणून बदकाच्या माथी मारलेलं. याला दान नव्हे, विल्हेवाट म्हणतात. एकनाथांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला नाथांनी कावडीतलं गंगाजल पाजलं. गाढव खरोखर तहानलेलं होतं, त्याला पाणीच हवं होतं, आणि नाथांनी दिलं ते त्यांच्याजवळचं सर्वांत मोलाचं होतं. नाथांनी त्याला वाढदिवसाचा उरलेला केक नाही दिला. आणि चिऊ-काऊच्या नावाने आपण बाळाला घास भरवतो म्हणाल, तर तो घास चिऊच्या पोटात कधीच गेला नाही, तो बाळानेच खाल्ला. आपल्या आज्या आपल्यापेक्षा शहाण्या होत्या!

या संस्कृतिरक्षकांना २०२५ चा पावसाळा आठवतो का? दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत रान उठलं. महापालिकेने ताडपत्री घातली, जमावाने ती फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या पंधरवड्यात आपल्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला होता. फुप्फुसाचे विकार, सार्वजनिक आरोग्य, 'भूतदया स्वतःच्या घरात करा'... एकेकाने असे मुद्दे मांडले होते की वकिलाने ऐकावेत. मी त्यांतल्या बहुतेकांशी सहमत होते. पण त्याच वर्षीच्या सहलीचे फोटो काढून बघा. तीन-चार महिने आधी त्याच मंडळींच्या हातात ब्रेडचे पुडे आहेत. दादरला दाणे टाकणारा दिसला की तो अंधश्रद्ध, आणि फ्रीमाँटला ब्रेड टाकणारे आपण निसर्गप्रेमी? मुंबईच्या हिवाळ्यात बोटीतून कुरवांना शेव-गाठ्या उडवणाऱ्यांनाही आपण हसतो. गाठ्या आणि ब्रेड यांत मला तरी तेलाखेरीज फरक दिसत नाही.

"मुलांना पक्ष्यांची गोडी लागते" हा दुसरा मुद्दा. लागते का? पंधरा वर्षं जी मुलं ब्रेड टाकत मोठी झाली, त्यांतलं एक तरी आज दुर्बीण घेऊन ओढ्यावर जातं का, मला दाखवा. गोडी कशाने लागेल ते सांगता येत नाही. सालिम अलींना पक्ष्यांचा नाद लागला तो लहानपणी छर्र्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. तिच्या गळ्यावर पिवळा डाग का, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. म्हणून सहलीत मुलांना बंदुका वाटा असं कोणी सुचवलेलं नाही!

"गोरेसुद्धा टाकतात, आम्हालाच का बोलता?" टाकतात ना. आणि 'वन्य प्राण्यांना खायला घालू नका' ही पार्कची पाटी त्यांनाही लागू आहे. पण मी त्यांच्या स्मरणिकेत लिहीत नाही, आपल्या लिहिते.

काही जण मागच्या अंगणातल्या दाण्यांच्या फीडरकडे बोट दाखवतील. फीडर वेगळा, पण निर्दोष नाही. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन नावाचे पक्षी साल्मोनेलाने पटापट मेले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या वन्यजीव खात्याने लोकांना फीडर उतरवायला सांगितले होते. ठेवायचा तर तो वरचेवर धुवावा लागतो. जो आठवड्याला फीडर घासतो त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते आपल्यातल्या एका नव्या जमातीशी. हे ब्रेड टाकत नाहीत, ते आवाज टाकतात. हातभर लांब लेन्स, अंगात चट्ट्यापट्ट्यांचं जॅकेट आणि खिशात फोन. फोनवरचं मर्लिन ॲप २०२१ पासून नुसतं ऐकून पक्षी ओळखून देतं, फार सुंदर सोय आहे. पण त्याच ॲपमधला नराचा आवाज लव्हाळ्यासमोर धरून मोठ्याने वाजवायचा म्हणजे काय? वसंतात मार्श रेनचा इवलासा नर आपल्या हद्दीसाठी गाऊन गाऊन जीव काढत असतो, वेताच्या पात्यांची घरटी विणत असतो. त्याला वाटतं, प्रतिस्पर्धी घरात घुसला. तो सगळं सोडून बाहेर येतो, फांदीवर चढून तावातावाने ओरडतो, आणि आपण म्हणतो, "काय पोज दिली!" दुसऱ्या दिवशी दुसरा येतो, पुन्हा तोच आवाज. ज्याच्या दारावर रोज कोणी खोटी धाड घालतं त्याचा संसार कसा व्हायचा? हे फोटो आपल्या दिवाळी प्रदर्शनात लागतात आणि त्यांना बक्षीसही मिळतं. परीक्षकांनी यापुढे 'कसा काढला?' एवढा एक प्रश्न विचारावा.

या सगळ्यात एका गटाबद्दल मात्र माझा आवाज आपोआप खाली येतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, बोलायला कोणी नाही. दुपारी ओढ्यावर जाऊन बदकांना चार तुकडे टाकावेत, निदान कोणीतरी आपल्याकडे धावत येतं. त्यांच्या हातून ती पिशवी काढून घ्यायला मला नको वाटतं. पण काढून घ्यायची तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. आमच्या गल्लीत एक आजोबा येतात, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्या सुनेने त्यांना स्वस्तातली एक दुर्बीण दिली. आजोबा येताना कालनिर्णय घेऊनच येतात. त्याच्या तारखेच्या चौकोनात ते आता पक्षी लिहितात. 'थापटे ४०, रातबगळे ३, कैकर १.' कैकर म्हणजे ऑस्प्रे, मासे धरणारा, आपल्याकडे हिवाळ्यात धरणांवर येतो तोच. नातू संध्याकाळी ते आकडे ई-बर्डवर चढवतो, जिथे जगभरचे अभ्यासक ते वापरतात. एसटीच्या वेळापत्रकाची सवय असल्याने आजोबांच्या नोंदी ठोक असतात. कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात आला, उशीर किती, सगळं. परवा मला म्हणाले, "ताई, थापटे निघाले हो. स्टँड रिकामा व्हायला लागला."

तेव्हा कार्यकारिणीला हे तिसरं पत्र, आणि या वेळी सर्वांसमक्ष. येत्या वसंत सहलीच्या पत्रिकेतून साडेदहाची ती ओळ काढा. तिच्या जागी सकाळी आठला (हो, आठला, पोह्यांच्या आधी) मुलांना ट्रेलवर न्या, एका वेळी दहाच, बोलणं हळू, स्पीकर गाडीत. माझ्याकडे चार दुर्बिणी आहेत, आजोबा या वर्षी मेअखेरपर्यंत इथे आहेत आणि यायला तयार आहेत. मराठी नावांची एक पानी यादी मी छापून आणते. छायाचित्र स्पर्धेच्या नियमांत आवाज वाजवून किंवा आमिष दाखवून काढलेले फोटो बाद, असं एक कलम घाला. हे मतदानाला टाकायचं असेल तर टाका. वार्षिक सभेत मी पुढच्याच रांगेत बसलेली असेन.

आणि घरात ब्रेड उरलाच, तर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन त्याचा उपमा करा. आमच्याकडे नेहमी होतो.